कचोरीच्या भट्टीवर वीज बनेल का?

सराफा_खवय्या: इंदूरात आमच्या काकांचं कचोरीचं दुकान आहे, भट्टी दिवसभर पेटलेली आणि बाजूचा पत्रा असा तापतो की हात लावायची सोय नाही, तर त्यावर पेल्टियर मॉड्यूल (एक बाजू गरम, दुसरी थंड ठेवली की वीज देणारी चपटी चकती) लावून एलईडी, मोबाईल चालेल का?

थर्मल_भिया: एलईडी चालेल. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञानं १८२१ मध्ये पाहिलं तेच हे, दोन बाजूंच्या तापमानात फरक असला की व्होल्टेज मिळतं. नुसतं गरम असून भागत नाही हो, दुसरी बाजू थंड हवी, आणि मे महिन्यात भट्टीशेजारी थंड काय राहणार! थंड बाजूला मोठा हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) लावा, जमलं तर पाणी फिरवा. आणि ते स्वस्तातलं १२७०६ नंबरचं पेल्टियर घेऊ नका, ते गार करायला बनवलेलं असतं, आतलं सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळतं. जनरेटरवालं टीईजी, म्हणजे वीज बनवायलाच केलेलं मॉड्यूल, मागा.

जुना_वायरमन: एवढं करून उष्णतेतली जेमतेम ५ टक्के वीज होते. व्हॉयेजर अवकाशयानं १९७७ पासून याच तत्त्वावर चालतायत, पण तिकडे प्लुटोनियम आहे आणि बाहेर कडाक्याची थंडी. काकांना छतावर सोलर सांगा.

सराफा_खवय्या: छत घरमालकाचं आहे ना भाऊ. टीईजी किती व्होल्ट देईल, बूस्टर (व्होल्टेज वाढवणारं सर्किट) लागेल का?

थर्मल_भिया: लागेल, ५ व्होल्टवाला.