रिमोट डेस्कटॉपने रात्री कोण लॉगिन झालं हे इव्हेंट लॉगमधून नक्की कसं कळतं?

परळचा_अकाउंटंट:
नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतोय. परळला आमचं छोटं सीए ऑफिस आहे, एका विंडोज सर्व्हरवर टॅली चालतं आणि पावसात लोकल बंद पडल्या की सगळे घरून रिमोट डेस्कटॉपने त्यालाच जोडतात. परवा साहेबांनी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजच्या नोंदी बघायचा प्रोग्राम, उघडला तर सिक्युरिटी लॉगमध्ये आमच्या बदलापूरच्या एका सहकारी ताईंच्या नावाने ४६२४, म्हणजे लॉगिन झाल्याची नोंद, रोज रात्री २ वाजता. ताई म्हणतात मी तेव्हा झोपलेली असते, पहाटे उठून गाडी पकडायची असते मला. साहेबांना मात्र वाटतंय की क्लायंटचा डेटा बाहेर जातोय, सोमवारी त्यांना केबिनमध्ये बोलावणार आहेत. शिवाय ४६२५, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदी इतक्या आहेत की स्क्रोल करून संपत नाहीत, आणि लॉग मागे फक्त चार दिवसांचाच उरलाय. मला टॅली कळतं, हे कळत नाही. कुठे काय बघू?

ठाणे_नेटवर्क:
भाऊ, आधी एक काम कर, सिक्युरिटी लॉगवर राइट क्लिक करून सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज, आणि फाईल दुसऱ्या मशीनवर ठेव. लॉग भरला की जुन्या नोंदी पुसून नव्या बसतात, तुझे चार दिवस त्यामुळेच उरलेत. मग प्रॉपर्टीजमध्ये जाऊन साइज वाढव, १ जीबी बिनधास्त दे.
आता मुद्दा. ४६२४ म्हणजे माणूस समोर बसलाय असं अजिबात नाही. ती नोंद उघड आणि लॉगॉन टाइप बघ. १० असेल तर रिमोट डेस्कटॉप. ३ म्हणजे नेटवर्कवरून, शेअर्ड फोल्डर उघडला तरी येतो, आणि एनएलए (डेस्कटॉप दिसायच्या आधीच पासवर्ड तपासणारी सोय) चालू असेल तर रिमोट लॉगिनच्या आधी पण एक ३ येऊन जातो. तुटलेलं सेशन परत जोडलं की बऱ्याचदा ७. ५ म्हणजे सर्व्हिस, ४ म्हणजे शेड्यूल केलेलं टास्क. रोज बरोबर दोनलाच येतंय म्हणतोस ना, माणूस इतका घड्याळ लावून लॉगिन करत नाही. खाली सोर्स नेटवर्क ॲड्रेस पण बघ, टाइप ४ किंवा ५ सोबत तिथे नुसती रेघ असेल तर ते मशीनवरच चाललेलं काम, बाहेरून कुणी आलेलं नाही.

माटुंगा_सिसॲडमिन:
ठाणेकरांचं बरोबर आहे, पण मी सुरुवात सिक्युरिटी लॉगपासून करतच नाही. ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, टर्मिनलसर्व्हिसेस-लोकलसेशनमॅनेजर, ऑपरेशनल. इथे फक्त सेशनच्याच गोष्टी असतात म्हणून कचरा कमी आणि जुनं जास्त दिवस मिळतं. २१ म्हणजे सेशन लॉगिन, २३ लॉगऑफ, २४ डिस्कनेक्ट, २५ रिकनेक्ट, आणि २१, २४, २५ मध्ये कुठल्या आयपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या कुठल्या पत्त्यावरून, ते पण असतं, लोकल लिहिलं असेल तर मशीनसमोरच बसून. शेजारच्या रिमोटकनेक्शनमॅनेजरमधल्या ११४९ वर ऑथेंटिकेशन सक्सीडेड असं लिहिलेलं दिसेल, पण एवढ्यावरून डेस्कटॉप उघडला असं धरू नका, २१ किंवा २५ सोबत जुळलं पाहिजे. एक लक्षात ठेवा, लोक खिडकी नुसती बंद करतात, लॉगऑफ करत नाहीत, त्यामुळे सेशन दिवसभर जिवंत दिसतं आणि कामाचे तास काढायला गेलात तर भलताच आकडा येतो. एखाद्या बाईच्या नोकरीचा प्रश्न आहे तर दोन्ही लॉग शेजारी ठेवून वेळा जुळवा, एकट्या ४६२४ वर कुणाला बोलावू नका.

परळचा_अकाउंटंट:
बघितलं!! टाइप ४ आहे, चारही रात्री, ॲड्रेसच्या जागी रेघ. लोकलसेशनमॅनेजरमध्ये दोनच्या आसपास काहीच नाही, ताईंचं शेवटचं २३ संध्याकाळी ६:४० चं. टास्क शेड्यूलर उघडला तर टॅलीच्या बॅकअपचं टास्क त्यांच्या यूजरखाली लावलेलं, दोन वर्षांपूर्वी सेटअप करणाऱ्याने केलं असणार, तेव्हा त्याच मशीनवर बसायच्या. साहेबांना स्क्रीनवर दाखवलं, गप्प झाले. ४६२५ चं काय पण?

ठाणे_नेटवर्क:
ते टास्क वेगळ्या सर्व्हिस अकाउंटवर (कुणा माणसाचं नाही, फक्त अशा कामांसाठीचं खातं) हलव, ताईंनी पासवर्ड बदलला की बॅकअप गुपचूप बंद पडेल.
४६२५ मध्ये टाइप ३ दिसेल, १० नाही, एनएलएमुळे, म्हणून १० वर फिल्टर लावणाऱ्यांना हल्ला दिसतच नाही. सबस्टेटस बघ, शेवटी ६४ असेल तर त्या नावाचा यूजरच नाही, ६ए असेल तर नाव बरोबर आणि पासवर्ड चुकीचा, काळजी ह्या दुसऱ्याची. ॲड्मिनिस्ट्रेटर, टेस्ट, स्कॅनर अशी नावं दिसली आणि आयपी परदेशी असले तर राऊटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, बहुधा इंटरनेटला उघडा आहे.

माटुंगा_सिसॲडमिन:
पोर्ट नंबर बदलून भागत नाही, उघडे पोर्ट हुडकणारे प्रोग्राम तो शोधून काढतात. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी, सुरक्षित रस्ता) टाका, रिमोट त्याच्या आतूनच. आणि लॉग जपा, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायचे आणि घटना ६ तासांत कळवायची असं आहे. तसंच त्या फसलेल्या लॉगिनमधल्या कुठल्याही नावाने ४६२५ च्या रांगेनंतर एकदम ४६२४ आला का तेवढं आज रात्रीच शोधा, बाकी उद्या.

परळचा_अकाउंटंट:
शोधलं, ६४ वालेच सगळे, एकही आत आलेला नाही. राऊटरवर ३३८९ खरंच उघडा होता, आत्ता बंद केला, सोमवारी सगळे ऑफिसातच येतील. ताईंना फोन लावतोय.