मोठ्या युद्धात ध्येय नेमकं कसं ठरवतात? राजधानी, फौज की तेल?

फोंडेकर:
नमस्कार मंडळी. गोवा मुक्तिदिनाला बोरीला मामांकडे गेलेलो, साहजिकच १९६१ च्या लढाईचा विषय निघाला, पोर्तुगीजांनी बोरीचा पूल उडवला तरी आपले जवान छातीभर पाण्यातून पलीकडे गेले वगैरे. मामा म्हणाले पणजी पडली आणि विषय संपला, कुठलंही युद्ध असंच, राजधानी घेतली की झालं. मला काय ते पटेना. नेपोलियनने १८१२ ला मॉस्को घेतलं, महिनाभर बसून राहिला, झार तहाला आलाच नाही, आणि परतताना फौजेची धूळधाण झाली. मग ध्येय ठरवतात तरी कसं?

मुरगावबंदर:
एक दुरुस्ती, तेव्हा रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग होती. पण मुद्दा बरोबर आहे. युद्धशास्त्राचा जर्मन लेखक क्लाउझेविट्झ म्हणतो शत्रूचं गुरुत्वकेंद्र शोधा, म्हणजे ज्यावर त्याची सगळी ताकद टिकून असते ते, कुणाचं ते फौजेत असतं, कुणाचं राजधानीत, कुणाचं मदतीला येणाऱ्या मित्रात. ६१ ला लिस्बनहून कुमक येण्याची आशाच नव्हती, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा हुकूम होता शेवटपर्यंत लढा, पण गव्हर्नर वासाल्लो ई सिल्वाने विनाकारण माणसं मारायला नकार दिला आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. म्हणून पणजीवर भागलं. रशियात मागे सरकायला जागाच जागा, तिथे शहर घेऊन काय होणार?

डिचोलीचा वाचक:
यात १९४२ चं जर्मनीचं उदाहरण बघाच, मी यावर बरंच वाचलंय. ध्येय होतं काकेशसचं तेल, म्हणजे मायकोप, ग्रोझनी, बाकू. मूळ प्लॅनमध्ये आधी व्होल्गा नदीची, म्हणजे स्टालिनग्राडकडची बाजू पक्की करायची आणि मग दक्षिणेला उतरायचं, एकामागून एक. २३ जुलैला हिटलरने हुकूम काढला की दोन्ही एकदम करा, त्यामुळे फौज दोन दिशांना फाकली, पेट्रोल कमी, ट्रक कमी, अंतर रोज वाढतंय. ऑगस्टमध्ये मायकोप मिळालं तर रशियनांनी विहिरी आधीच निकामी केलेल्या, बाकूपर्यंत कोणी पोचलंच नाही, आणि स्टालिनग्राडमध्ये २ फेब्रुवारी १९४३ ला उरलेले जर्मन शरण. माझ्या मते तेल हे ध्येय चुकीचं नव्हतं, एका फौजेच्या गळ्यात दोन ध्येयं बांधली ते चुकलं.

वास्कोवाला:
मला थोडं वेगळं वाटतं. ध्येय मिळालं तरी ते वापरता आलं पाहिजे ना! अमेरिकेने १९४१ ला तेल बंद केलं म्हणून जपान डच ईस्ट इंडीजवर (आजचं इंडोनेशिया) गेला, १९४२ ला तिथलं तेलाचं पालेमबांग घेतलंसुद्धा, पण ते तेल घरी न्यायचं जहाजातून, आणि अमेरिकन पाणबुड्यांनी टँकर बुडवत नेले. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख डोनिट्झचा हिशोबही हाच, जागा नाही, जहाजांचं टनेज बुडवायचं. आपलं मुरगाव बंदर त्यात ओढलं गेलं, तिथे थांबलेल्या एरेनफेल्स या जर्मन जहाजावरच्या रेडिओवरून जर्मन पाणबुड्यांना खबरा जातात असा ब्रिटिशांना संशय होता, म्हणून ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्त्याचे वयस्कर स्वयंसेवक बार्जमधून आले आणि जर्मन खलाशांनी बंदरातली आपली जहाजं स्वतःच बुडवली. बंदर पोर्तुगीजांचं, तटस्थ, तरी.

फोंडेकर:
जहाजांचा हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आभार. मामांचं बालपण मुरगावातच गेलंय, एरेनफेल्सचं काही घरात ऐकलं होतं का ते रविवारी विचारतो आणि इथे लिहितो.