रॉसचा पूल कैद्यांनी बांधला, आपल्या तालुक्यातला डाकबंगला कोणी?

परतवाड्याचा मिस्त्री
नमस्कार मंडळी. मी दगडकामातला माणूस. लेक-जावई टास्मानियात असतात, म्हणून यंदा तिकडे जाणं झालं. लॉन्सेस्टनहून होबार्टला जाताना वाटेत रॉस नावाचं गाव लागतं, अगदी लहान. तिथे मॅक्वारी नदीवर तीन कमानींचा दगडी पूल आहे, 1836 सालचा. विलायतेहून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी बांधलेला.

बाकीचे फोटो काढत होते, मी खाली पाण्याजवळ उतरलो. कमानींच्या तोंडाचे 186 दगड कोरलेले आहेत. माणसांचे चेहरे, जनावरं, पानं, वेटोळी. दगड वालुकाश्म, आपल्या काळ्या दगडापेक्षा मऊ, टाकी लवकर बसते. पण मऊ दगडाची कडा तितकीच लवकर उडते. तिथे कडा धरून काम केलंय. हात फिरवला तेव्हा कळलं, हे मुकादमाच्या धाकानं झालेलं काम नाही. डॅनियल हर्बर्ट आणि जेम्स कोलबेक हे त्यातले मुख्य पाथरवट, दोघंही कैदीच. या कामापायी त्यांना माफी मिळाली. हर्बर्टची कबर त्याच गावात आहे. पुलाची गोष्ट निघाली की या दोघांची नावं निघतातच.

आता आमचं. तालुक्यातल्या एका जुन्या डाकबंगल्याचं जोतं आणि कमानी अशाच हातघडाईच्या आहेत. म्हातारी माणसं सांगतात, बेड्या घातलेल्या कैद्यांनी दगड फोडला. सध्या दुरुस्ती चालू आहे आणि ठेकेदार चुन्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, खरवडून सिमेंट भरतोय. कैद्यांची गोष्ट कागदावर कुठे सापडेल? आणि हे सिमेंट थांबवायला काय करावं?

अकोल्याची वाचक
काका, आधी इमारतीचं साल शोधा. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. त्याप्रमाणे कागद वेगवेगळ्या सरकारच्या नावानं असतात. छावणीतली इमारत असेल तर ती 1853 च्या आधीचीही असू शकते. नागपूरच्या पुराभिलेखागारात तुरुंगांचे वार्षिक अहवाल मागून बघा. कैद्यांकडून कोणती कामं करवली, याची नोंद अशा अहवालांत असते. अमरावतीचं 1911 चं गॅझेटियरही चाळा.

एक सांगते. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळात आपल्याकडे हजारो माणसं सरकारी कामावर खडी फोडत होती. ती कैदी नव्हती, उपाशी होती. गावाच्या आठवणीत या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू शकतात, तेव्हा दोन्हींचे कागद पाहा.

वऱ्हाडी गडी
ताई म्हनते ते खरं हाये. माह्या आज्याचा बाप छप्पनच्या दुष्काळात (संवत 1956, म्हंजे तोच 1899-1900 चा) खडी फोडाले गेला होता. आजा सांगे, दिवसभर खडी फोडा अन् सांजच्याले कुटुंबाच्या पोटापुरतंही मिये नाही. त्याचं नाव कोन्या कागदात असंन का? असंन तर मले पाह्यचं हाये. मिस्त्रीभाऊ, नागपूरले जासान त मले सांगजा, मी येतो.

चुनेवाला
दर्जांबद्दल लिहितो. भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातून हळूहळू बाहेर निघतं. सिमेंटनं ते आत कोंडतं, मग आतला जुना चुना भुसभुशीत होतो आणि दगड हलायला लागतो. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदुस्थानातून नेलेल्या कैद्यांनी 1856 ते 1861 मध्ये बांधलं. त्याच्या गिलाव्यात शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, साखर आणि नारळाच्या सोडणाचं पाणी होतं. चुना मळणं हे कसबी काम आहे, ठेकेदाराला ते येत नसेल तर शिकलेला माणूस आणावा लागेल. आधी फोटो काढा, तारखेसह. मग ग्रामसभेचा ठराव करून लेखी अर्ज द्या. तोंडी सांगून काम थांबत नाही.

परतवाड्याचा मिस्त्री
सगळ्यांचे आभार. फोटो आजच काढले. उत्तरेकडच्या कमानीला अजून सिमेंट लागलेलं नाही, तेवढी वाचवायचीच. चुना मी स्वतः मळून देतो, मजुरी नको, असं अर्जात लिहितो. गडीभाऊ, नागपूरला सोबतच जाऊ. तुमच्या पणजोबांचं पूर्ण नाव आणि गाव मला पाठवून ठेवा, दुष्काळी कामांचे कागद आधी मागू.