‘मनी’ला रूपक ताल म्हणावं का? (आणि टाइम सिग्नेचरला मराठीत काय?)

सातवी_मात्रा:
‘सध्या काय ऐकताय’ या यादीसाठी प्रोग्रेसिव्ह रॉकच्या तीन अल्बमच्या नोंदी मराठीत लिहायच्या आहेत. पहिलीतच अडलंय. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर (१९७३) असं लिहिलं होतं: “दुसरी बाजू सुरू होते ‘मनी’ने. गाणं रूपकात आहे, गिटारचा मधला तुकडा मात्र केरव्यात जातो.” तबला जाणणाऱ्या एकाने रूपकावर एक फुली मारली आणि केरव्यावर दोन. उरलेल्या नोंदी जेनेसिसचा ‘फॉक्सट्रॉट’ (१९७२) आणि रशचा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (१९८१) यांच्या आहेत, म्हणजे हीच अडचण आणखी दोनदा येणार. ७/४, ९/८ हे आकडे नुसते फेकायचे नाहीयेत. ‘टाइम सिग्नेचर’ला (किती ठोके आणि कोणत्या एककाचे, हे सांगणाऱ्या या आकड्यांना) चालण्यासारखा मराठी शब्द कोणता?

पखवाजी:
फुल्या बरोबर आहेत. सात मोजले म्हणून रूपक होत नाही. रूपकाच्या समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवर, खाली (टाळी नसलेली जागा) असते: तीं तीं ना, धीं ना, धीं ना. टाळ्या चौथीवर आणि सहावीवर, पहिली मोकळी. ‘मनी’त बास (खर्जाची गिटार) पहिल्याच ठोक्यावर पूर्ण वजन टाकतो. सातांतलाच ताल हवा असेल तर तीव्रा त्यातल्या त्यात जवळचा. धा दिं ता, तिट कत, गदि गन. विभाग तेच ३+२+२, पण सम भरीची, म्हणजे टाळीची. तरी तीव्राही लिहू नका. तालाला मात्रा (ठोके) लागतात, विभाग लागतात, टाळी-खाली लागते, ठेका (ठरलेले बोल) लागतो. तुमच्याकडे त्यातल्या फक्त मात्रा आहेत. “सात मात्रांचं आवर्तन” लिहा आणि पुढे चला.

केरव्यावर दोन फुल्या कशासाठी तेही सांगतो. एक, तो आठ मात्रांचा. दोन, त्याच्या ठेक्यात जी लचक आहे ती त्या सरळ चारात शोधून सापडणार नाही.

गुरुलघु:
‘सात मात्रा’ म्हटल्यावर खालचा चार कुठे गेला? ७/४ आणि ७/८ दोन्ही सात मात्राच होतील. खालचा आकडा मोजणीचं एकक सांगतो.

पखवाजी:
खालचा आकडा कागदावरचा आहे. वाजवणाऱ्यापुढे कागद असेल तर त्याला हवा. ऐकणाऱ्याच्या यादीत तो कशाला?

गुरुलघु:
‘फॉक्सट्रॉट’मधल्या ‘सपर्स रेडी’च्या एका भागाचं नावच ‘अपोकॅलिप्स इन ९/८’ आहे. तिथे कागद गाण्यात शिरलाय, काय कराल? शिवाय ९/८ म्हटलं की एरवी तीन-तीनचे तीन झोके अपेक्षित असतात. इथे बास आणि ड्रम ३+२+४ असं धरून बसतात आणि जेनेसिसच्या टोनी बँक्सचा ऑर्गन त्याला न जुमानता वरून आपल्या वाटेने जातो. ऐकताना तोल जातो तो त्यामुळे. नऊ या आकड्यात विशेष काही नाही, विशेष आहे ते फोडीत. तेव्हा नोंदीत “नऊ मात्रा, फोड ३+२+४” असं हवं.

पखवाजी:
फोड नाही, विभाग.

गुरुलघु:
विभाग म्हटलं की टाळी-खाली आलीच, असं तुम्हीच वर म्हणालात. म्हणून फोड.

मोडीवाचक:
‘ऑड मीटर’ला (पाच, सात, नऊ अशा मोजणीला) ‘विषम ताल’ असं काही जण सर्रास लिहितात, तेही इथेच निकाली काढू. विषम म्हणजे दोनाने भाग न जाणारी संख्या, हे शाळेपासून ठाऊक आहे. पण संगीतात ‘सम’ ही पहिली मात्रा. मग ‘विषम ताल’ म्हणजे सम नसलेला ताल? मराठीत विषमचे बाकीचे अर्थही सुखाचे नाहीत: विषमता, विषम ज्वर. मी ‘आडवळणी ताल’ सुचवतो.

पखवाजी:
‘आड’ आधीच अडकलेला शब्द आहे. आड, कुआड, बिआड या लयी आहेत. आड म्हणजे दीडपट, दोनाच्या जागेत तीन. ‘आडवळणी’ वाचून तबलजी भलतंच मोजायला लागेल. शिवाय ‘विषम’ गणितानेही टिकत नाही. झपताल दहा मात्रांचा, म्हणजे संख्या सम. पण चालतो २+३, २+३. लंगडतो तो त्या अर्ध्याअर्ध्या पाचामुळे.

सातवी_मात्रा:
मग जेथ्रो टलचं ‘लिव्हिंग इन द पास्ट’ (१९६९) ‘अर्ध्या झपतालात’ म्हटलं तर?

पखवाजी:
उलटा अर्धा. ते ३+२ आहे, झपतालाचं अर्ध २+३. एवढ्या फरकाने लोक चुकीच्या जागी टाळी देतात.

उगाच_एक:
मुद्द्याचं राहिलं. यादीचं शीर्षक काय ठेवलंय? ‘पुरोगामी रॉक’ नसलं म्हणजे मिळवली. ते वाचलं की पुढे ‘महाराष्ट्राला शोभत नाही’ आपोआप येतं.

मोडीवाचक:
यात हसण्यासारखं काय आहे? पुरस् म्हणजे पुढे, गामी म्हणजे जाणारा. पुढे जाणारा तो पुरोगामी. प्रोग्रेसिव्हला इतका नेमका शब्द दुसरा नाही. राजकारणाने तो बळकावला, म्हणून आपण सोडून द्यायचा?

सुईवाला:
शब्द ज्याच्या ताब्यात असतो त्याचा अर्थ चालतो. ‘प्रागतिक’चं हेच झालं, तो नेमस्तांना चिकटला. ‘प्रगतिशील’ला शेतकऱ्याशिवाय करमत नाही. किंग क्रिमसनचं १९६९चं पहिलं रेकॉर्ड प्रगतिशील शेतकऱ्याच्या शेजारी ठेवायचंय का? प्रोग्रेसिव्हचं ‘प्रॉग’ लिहा, ऐकणारे तेच म्हणतात.

मोडीवाचक:
ऐकणारे ‘वन्स मोअर’ही म्हणतात. म्हणून ‘पुन्हा एकदा’ मेलं का?

सुईवाला:
मेलं नाही, पण नाट्यगृहात ओरडून बघा.

असो. मूळ नोंदीतल्या ‘बाजू’वर कोणीच बोललं नाही. शब्द बरोबर आहे, तसाच ठेवा. उलट ‘साइड-लाँग’ला ‘बाजूभर’ करा. येसचं ‘क्लोज टू द एज’ (१९७२) बाजूभर आहे, सुमारे पावणेएकोणीस मिनिटं. ‘सपर्स रेडी’ मात्र बाजूभर नव्हे, ही चूक बरेच जण करतात. त्याच बाजूवर आधी ‘होरायझन्स’ हा पावणेदोन मिनिटांचा गिटारचा तुकडा आहे, मग ही तेवीस मिनिटं.

यामागचं कारण निव्वळ यांत्रिक आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखाने बसतात. त्यापुढे जायचं तर खाचा जवळजवळ आखाव्या लागतात. जवळ आखल्या की सुईला डावी-उजवीकडे हलायला जागा कमी, म्हणून खर्ज कापावा लागतो आणि आवाजाची एकूण पातळी खाली आणावी लागते. पातळी खाली आली की खरखर वर येते. जेनेसिसचाच ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३) दोन्ही बाजू मिळून त्रेपन्न मिनिटांच्या वर जातो, त्यामुळे तो रेकॉर्डवर मुळातच हळू आवाजाचा वाटतो. अॅम्प्लिफायरला दोष देऊ नका. त्यात आणखी एक भर: बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलजवळ २१. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, त्यामुळे झांजा आणि ‘स’कार तिथे फाटतात. आणि बाजूभर गाण्यांचा कळस नेमका लेबलजवळच येतो.

उगाच_एक:
तुम्ही तबकडी, रेकॉर्ड आणि खाच एकाच दमात वापरलंत. मोडीवाचक, बघताय ना?

मोडीवाचक:
बघतोय. योग्य शब्द ‘ध्वनिमुद्रिका’. तबकडी टेलिफोनलाही असते आणि परग्रहावरूनही येते. बरं, ‘तबक’ अरबीतून आलेलं, म्हणजे ‘तबकडी’ लिहून शुद्ध मराठीचं समाधानही फुकट.

सुईवाला:
मग ‘ध्वनिमुद्रिकेची सुई अडकली’ म्हणून बघा. लोक ‘पिन अडकली’ म्हणतात. ज्यांनी आयुष्यात ग्रामोफोन पाहिला नाही तेही म्हणतात.

गुरुलघु:
‘मात्रा’ शब्दावर परत येतो, कारण तिसऱ्या नोंदीचं उत्तर त्यातच आहे. छंदशास्त्रात लघू एक मात्रा, गुरू दोन. ‘मूव्हिंग पिक्चर्स’मधलं ‘वाय वाय झेड’ घ्या. (बँड कॅनडाचा, म्हणून झेड. अमेरिकन ‘झी’ नको. आपल्यालाही तेच सोयीचं.) ही टोरोंटोच्या विमानतळाची खूण, आणि सुरुवातीचा ठेका हा तिचा मोर्स संकेत. दांडी म्हणजे गुरू, टिंब म्हणजे लघू असं मांडून बघा.

वाय: गुरू लघू गुरू गुरू. २+१+२+२ = ७.
पुन्हा वाय: ७.
झेड: गुरू गुरू लघू लघू. २+२+१+१ = ६.

एकूण वीस. पाश्चात्त्य कागदावर हे वीस सोळांश (चतुर्थांश ठोक्याचे चौथे भाग), म्हणजे ५/४. कोणी १०/८ लिहितात. गणांत सांगायचं तर वाय म्हणजे र गण आणि वर एक गुरू, झेड म्हणजे त गण आणि वर एक लघू. यमाताराजभानसलगा (गण लक्षात ठेवायचं सूत्र) पाठ असलेल्याला हा ठेका पहिल्या फटक्यात टाळीने देता येतो. “पाच चतुर्थांश” म्हणून शिकवलेल्याला दहा मिनिटं लागतात, कारण तो पाच ठोके मोजत बसतो आणि हे ७+७+६ त्या पाचांच्या रेघांवर कुठेच नीट बसत नाही.

पखवाजी:
हे आवडलं. पण मोर्समध्ये दांडी टिंबाच्या तिप्पट असते. दुप्पट नाही.

गुरुलघु:
आवाजाची लांबी तिप्पट, बरोबर. पण ठेक्यात मोजायचं ते एका आघातापासून पुढच्या आघातापर्यंतचं अंतर. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एका टिंबाएवढी शांतता असते. टिंब १ आणि शांतता १, झाले २. दांडी ३ आणि शांतता १, झाले ४. चारास दोन म्हणजे दोनास एक. गुरू-लघू चोख बसतात.

बँडने सूट घेतली आहे ती दुसरीकडे. दोन अक्षरांच्या मध्ये मोर्समध्ये एकाऐवजी तीन टिंबांची शांतता लागते, म्हणजे दर अक्षरामागे एक मात्रा जास्त. काटेकोर पाठवलं तर ८+८+७, तेवीस मात्रा होतील. गाण्यात त्या तीन मात्रा गिळल्या आहेत. तारमास्तर असता तर त्याने निरोप परत मागितला असता.

उगाच_एक:
म्हणजे यतिभंग, विरामाची जागाच मोडली.

गुरुलघु:
यतिलोप म्हणा हवं तर. भंग झाला असता तर लंगडलं असतं, हे पळतंय.

मोडीवाचक:
छंदशास्त्राची गोष्ट निघालीच आहे तर माझ्या यादीतलं एक. येसचा ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ (१९७३). दोन तबकड्या (हो, तबकड्या), चार बाजू, प्रत्येक बाजूवर एकच गाणं. येसचा गायक जॉन अँडरसन याला ही मांडणी सुचली परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून. त्या टीपेत शास्त्रांचे चार वर्ग दिलेत: श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र. म्हणून चार बाजू. आता पहिल्या बाजूचं नाव ‘द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड’. यातल्या ‘सायन्स’ला विज्ञान लिहिणारा फसला. तो शब्द ‘शास्त्र’च आहे, फक्त इंग्रजीत जाऊन आलेला. मराठीत भौतिकशास्त्र आणि धर्मशास्त्र एकाच शब्दावर चालतात, त्यामुळे आपल्याला काहीच करावं लागत नाही. मूळच्यापेक्षा अनुवाद नेमका होण्याची संधी अशी क्वचित मिळते.

सुईवाला:
आणि चारही बाजू अठरा ते बावीस मिनिटांत बसवायच्या होत्या, म्हणून काही ठिकाणी नुसतं पाणी घातलंय. तिसरी बाजू. शास्त्र असतं ते.

मोडीवाचक:
तिसरी बाजू घाईत ऐकायची नसते.

सातवी_मात्रा:
मंडळी, ‘मनी’. आतापर्यंत हाती आलंय ते असं: “दुसरी बाजू सुरू होते ‘मनी’ने. आधी नाण्यांची खुळखुळ, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याची घंटी असे टेपचे सात सारखे तुकडे जोडून केलेली माळ फिरते, मग तिच्यावर बास येतो. सात मात्रांचं आवर्तन. मधला तुकडा चार मात्रांत.” टाइम सिग्नेचरचा शब्द टाळलाच आहे. चालेल?

गुरुलघु:
‘मधला तुकडा’ म्हणजे कोणता? सॅक्सोफोन सातांतच आहे. चारात जाते ती फक्त गिटार, आणि नंतर गाणं पुन्हा सातांवर येतं. “सॅक्सोफोननंतरचा गिटारचा भाग” असं स्पष्ट लिहा, नाहीतर वाचणारा सॅक्सोफोनवरच चार मोजायला लागेल.

पखवाजी:
आणि ‘तुकडा’ नको. तबल्यात तुकडा म्हणजे तिहाई (तीनदा घेतलेले बोल) घेऊन समेवर येणारी रचना. तसंच मोजायचं तर टेपचे ‘तुकडे’ही काढा, ‘कापे’ लिहा.

सुईवाला:
‘कापे’ फणसाला. तुकडेच राहू दे. गिटारच्या भागाबद्दल लिहीतच असाल तर एवढं टाका: त्याचे तीन टप्पे आहेत, पहिला आणि तिसरा घुमारेदार, मधला एकदम कोरडा. तिथे प्रतिध्वनी काढून घेतलाय, वाद्यंही आवरती घेतलीत. त्यामुळे तिसरा टप्पा आला की खोली अचानक मोठी झाल्यासारखी वाटते. आवाज मात्र तेवढाच असतो. हेडफोनवर ऐकलं तर लगेच कळतं.

मोडीवाचक:
‘कोरडा’ ही ‘ड्राय’ची सरळ नक्कल झाली. मराठीत कोरडा म्हणजे आसूडही.

पखवाजी:
तबल्याच्या चाटेचा (कडेचा) नाद कोरडा असतो, हे आम्ही ‘ड्राय’ कळायच्या आधीपासून म्हणतो.

मोडीवाचक:
तो नाद. हा प्रतिध्वनी. दोन्ही एकच कसे?

उगाच_एक:
खडखडीत?