प्लॅटिनमच्या पाटीखाली सहा मजल्यांचा राडारोडा

विटकर :
परवा 'सहावा मजला' यांनी लिहिलं की जुनी इमारत पाडली, नवीला हरित मानांकनाची (पर्यावरणपूरक इमारतीला मिळणारी) सर्वोच्च, प्लॅटिनम पाटी लागली, आणि 'जुन्या भिंतींना मिठ्या मारणारेच पर्यावरणाचे खरे वैरी'. डोकं फिरलं, म्हणून लांबण लावतोय.

पाटीच्या हिशेबात सौर पॅनेल आहेत, पावसाचं पाणी आहे. पाडलेले सहा मजले कुठे आहेत? जगाच्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के. म्हणजे घरात पहिला दिवा लागायच्या आधीच बरंचसं पाप पदरात. वीज वाचवून ते फेडायला कित्येकदा दशकं लागतात. तोवर तुम्ही पुन्हा पाडायला निघालेले असता!

फ्रान्समध्ये बोर्दोच्या ग्रां पार्क वसाहतीत लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीनं सहकाऱ्यांसह ५३० घरांच्या तीन इमारती न पाडता सुधारल्या. काम २०१७ मध्ये पुरं झालं. बाहेरून नवा सांगाडा टेकवला, घरांना ऐसपैस काचबंद सज्जे जोडले, आणि काम चालू असताना माणसं तिथेच राहिली. वास्तुकलेतला सर्वात मानाचा पुरस्कार, २०२१ चं प्रित्झकर, त्याच जोडीला. पाडल्याशिवाय सुधारणा होत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

सहावा मजला :
फ्रान्स राहू द्या. आमच्या स्लॅबमधून गंजकी सळई लोंबत होती. लिफ्ट नाही. आईला दवाखान्यात न्यायचं तर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उतरवायचं. प्रत्येक वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकायचा. चौथ्या मजल्यावर ती म्हणायची, "ठेवा रे जरा." सज्जा जोडून काय करणार होतो आम्ही?

विटकर :
सळई दिसत होती तर पाडली ते बरोबर. झालं समाधान? पण मग 'नाइलाज होता' असं लिहा. 'पृथ्वी वाचवली' कशाला?

गच्चीवाली :
पाटीची महती मी सांगते. आमच्या ऑफिसची इमारत मानांकित, पश्चिमेला छतापर्यंत काच. दुपारी तीनला स्क्रीन दिसत नाही म्हणून पडदे खाली, पडदे खाली म्हणून दिवे चालू, काच तापते म्हणून एसी अठरावर, आणि एसीखाली मी शाल गुंडाळून. एकदा खिडकीला पुठ्ठा लावला तर देखभालवाले काढून घेऊन गेले. बाहेरून एकसारखं दिसत नाही म्हणे! उलट झिम्बाब्वेतल्या हरारेची ईस्टगेट इमारत बघा, १९९६ सालची. रात्रीची गार हवा आत खेळवून काँक्रीट-विटांचं जड बांधकाम निववायचं, तोच गारवा दिवसा वापरायचा. नेहमीचं एसी नाहीच.

चाकं चार :
इतकं लिहिलंत, पार्किंगबद्दल अवाक्षर नाही. गाडी काय डोक्यावर ठेवायची?

गच्चीवाली :
तुमच्याच गाडीसाठी जमिनीखाली दोन मजले काँक्रीट ओततात हो. वर चार्जिंगचा खांब लावला की तेही हरित!

जोतं :
हवा-पाणी पुरे, माणसांचं बोला. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींच्या इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबांना जोतं, संडास, पाणी मिळालं. वरचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवलं. चिलीतल्या इकीके शहरात आर्किटेक्ट अरावेना यांनी २००४ मध्ये अर्धीच घरं बांधून दिली, उरलेली जागा मोकळी.

सहावा मजला :
वा! गरिबाला अर्धं घर, आर्किटेक्टला पूर्ण पुरस्कार.

जोतं :
बोचलं, आणि थोडं खरंही आहे. पण तेवढ्या पैशात पूर्ण घर म्हणजे शहराबाहेर हाकलणं. ही कुटुंबं होती त्याच मोक्याच्या जागेवर राहिली.

मिस्कील ओलंबा :
विटकर, विटांचं कौतुक आवरा. स्वस्त घरं बांधणारे केरळचे आर्किटेक्ट लॉरी बेकर, त्यांचं वाचून मी रॅट-ट्रॅप बाँडचं, म्हणजे पोकळ भिंतीच्या रचनेचं घर बांधलं. विटा काठावर उभ्या, मध्ये पोकळी, पाव विटा वाचणार, ऊन आत येणार नाही. राहायला गेल्यावर घर तापतंच. पुढे इलेक्ट्रिशियननं भोक पाडलं तर आत पोकळी नाहीच! गवंड्यानं सवयीनं मालानं भरून टाकलेली. विटा वाचवल्या आणि सिमेंट दुप्पट घातलं.

विटकर :
मग दोष पद्धतीचा की तुमच्या गवंड्याचा?

थापीवाला :
आलात गवंड्यावर! माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं थापी धरली. मापावर मजुरी, आणि हातात असा नकाशा की ज्यात पोकळी एका बारीक रेघेत. समजावून कुणी सांगितलं? बेकर स्वतः साइटवर गवंड्यांबरोबर उभे राहायचे. तुमचा आर्किटेक्ट किती वेळा आला, ओलंबासाहेब?

मिस्कील ओलंबा :
दोनदा. एकदा फोटो काढायला.

थापीवाला :
बघा! आणि गवंड्याला पोकळी म्हणजे कमअस्सल काम वाटतं. भरीव भिंत म्हणजे चोख, हे त्याच्या उस्तादानं शिकवलेलं. तो तुमच्यावर उपकार करत होता.

विटकर :
हे मात्र मला सुचलं नव्हतं. सांगावंसं वाटत नाही, पण सुचलं नव्हतं.

थापीवाला :
न सुचायला काय झालं? तुम्ही विटा मोजता, ती रचणारा मोजत नाही. प्लॅटिनम इमारत बांधणारे तापल्या पत्र्याच्या खोलीत राहत होते का, टँकरचं पाणी पीत होते का, हे कुणी विचारलं? सहावा मजला, तुमच्या पाटीवर आर्किटेक्टचं नाव आहे. हेड मिस्त्रीचं?

सहावा मजला :
पाटी खाली प्रवेशद्वाराशी आहे. उद्या वाचून सांगतो. लिफ्टनं उतरणार, हे विटकरांसाठी आधीच जाहीर करतो.