बारा शाफ्ट नापास झाले आणि दोनशेची ऑर्डर लेथवर परत गेली: ट्रान्झिशन कसं बांधायचं?

नियोजन_टेबल:
नमस्कार. आम्ही शाफ्ट बनवतो आणि ते हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवून पूर्ण असेंब्ली पाठवतो. आजवर जॉब कार्ड कागदावर फिरायचं, आता ते वर्कफ्लो सॉफ्टवेअरमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलंय. कटिंग, टर्निंग, मिलिंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग, इन्स्पेक्शन, असेंब्ली, पॅकिंग अशा पायऱ्या एका दुपारीत मांडून झाल्या. पण एका पायरीवरून दुसरीवर कधी आणि कुणी जायचं, म्हणजे ट्रान्झिशन, यात तीन आठवडे गेले.

मागच्या आठवड्यात २०० शाफ्टच्या ऑर्डरमधले १२ इन्स्पेक्शनला नापास झाले. तपासणाऱ्याने ‘नापास’ दाबलं आणि अख्खी ऑर्डर टर्निंगला, म्हणजे लेथवर, परत गेली. १८८ चांगले शाफ्ट असेंब्लीच्या रॅकवर पडून, आणि स्क्रीनवर मात्र ते लेथवर! दुसरी अडचण: हाउसिंग बाहेरून येतं. ते स्टोअरला जमा झालं किंवा शाफ्ट पास झाले, यातलं काहीही आधी घडलं की ऑर्डर असेंब्लीला जाते. फिटर शाफ्ट घेऊन बसतो आणि हाउसिंगचा पत्ता नसतो. तिसरी म्हणजे ऑपरेटर शिफ्ट संपताना दिवसभराची सगळी बटणं एकदम दाबतात, त्यामुळे वेळेच्या नोंदी कुचकामी झाल्यात.

मी प्रोग्रामर नाही. सेटिंगमध्ये जाऊन कंडिशन लावता येतात, एवढं जमतं. सुरुवात कुठून करू?

गेज_आणि_मी:
मी इन्स्पेक्शनला असतो, म्हणून ‘नापास’बद्दलच बोलतो. नापास या एका बटणाने भागत नाही. शाफ्टचा व्यास जास्त राहिला असेल तर तो ग्राइंडिंगला परत जातो. व्यास कमी झाला असेल तर बहुधा स्क्रॅप, कारण उडालेलं मटेरियल परत लावता येत नाही. हार्डनेस कमी आला तर हीट ट्रीटमेंटला. यातला एकही टर्निंगला जात नाही. तुमच्या सॉफ्टवेअरने कडक झालेले शाफ्ट टर्निंगला पाठवले, हे वाचून अंगावर काटा आला. केस हार्डनिंगनंतर, म्हणजे बाहेरचा थर कडक केल्यावर, पृष्ठभाग साधारण ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप) असतो, नेहमीच्या टूलने तो टर्न करायला जाल तर टूलच जाईल. नापासचं कारण निवडल्याशिवाय बटण चालूच देऊ नका, आणि कुठे परतायचं ते त्या कारणावरून ठरू द्या.

रूट_कार्ड:
वरचं उत्तर अगदी बरोबर आहे. पण कारणं लावूनही १८८चा प्रश्न सुटणार नाही, कारण त्याचं मूळ आणखी खाली आहे. तुम्ही स्टेटस ऑर्डरला लावलंय. ऑर्डर हा कागद आहे, मशीनवरून मशीनवर सरकतो तो लॉट, म्हणजे एकत्र फिरणारा नगांचा गट. स्टेटस लॉटला लावा आणि लॉट फोडण्याची सोय ठेवा. १२ नापास झाले की त्यांचा वेगळा लॉट व्हावा, मूळ लॉटचा क्रमांक त्यावर राहावा, आणि १८८ने पुढे जावं. मग ऑर्डरला स्वतःचं स्टेटस लागतच नाही. तिचे लॉट कुठे कुठे आहेत तेवढं ती दाखवते. फोडताना बेरीज जुळलीच पाहिजे: पास, रिवर्क (दुरुस्तीला परत गेलेले) आणि स्क्रॅप मिळून आलेल्या संख्येइतके. न जुळल्यास सॉफ्टवेअरने अडवायचं. आमच्याकडे हा अडथळा नव्हता तेव्हा महिनाअखेरीस नग ‘हरवायचे’, आणि ते शोधायला मी रात्री रॅक मोजत बसलोय.

हाउसिंगच्या बाबतीत तुम्हाला ‘किंवा’ नको, ‘आणि’ हवं. बीपीएमएन २.० या आकृत्यांच्या पद्धतीत यासाठी दोन वेगळे चौकोन आहेत, टोकावर उभे केलेले. आत फुली असलेला म्हणजे अनेक वाटांपैकी एकच. आत अधिकचं चिन्ह असलेला म्हणजे सगळ्या वाटा सुरू करा, आणि त्या पुन्हा एकत्र येतात तिथे सगळ्या पोहोचेपर्यंत थांबा. तुमच्या आकृतीत फुलीच्या जागी अधिक हवं. ती पद्धत वापरायची नसेल तरी कागदावर एवढं काढून बघाच.

आता कंडिशनबद्दल. जिरा हे कामांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा फरक माहीत असेल, पण तो कुठेही उपयोगी पडतो. एक तपासणी बटण दिसण्याआधी होते: या माणसाला हे करता येतं का? दुसरी बटण दाबल्यावर: लागणारी माहिती भरली का? आणि तिसरी गोष्ट म्हणजे सरकल्यानंतर आपोआप होणारं काम, जसं की पुढच्या विभागाला निरोप. नवखे लोक तिन्ही एकाच ठिकाणी कोंबतात. मापं भरली नाहीत म्हणून बटणच लपवलं, तर ऑपरेटरला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलंय. बटण दिसू द्या, दाबल्यावर ‘व्यास भरा’ असं स्पष्ट सांगा.

एक धोक्याची सूचना. पायऱ्या बदलाल तेव्हा चालू ऑर्डर जुन्याच मार्गावर संपू द्या. मी एकदा मधली पायरी काढून टाकली होती, तिच्यावर उभे असलेले लॉट ना पुढे जाईनात ना मागे.

नियोजन_टेबल:
लॉट फोडण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, मीच चालू केली नव्हती! पण शिफ्टअखेरच्या बटणांचं काय? सुपरवायझर म्हणतात, दर अर्ध्या तासाने आठवण पाठवा.

लेथ_पासून_ऑफिस:
मी सहा वर्षं लेथवर होतो. आठवण पाठवू नका. हात तेलाने माखलेले, कॉम्प्युटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, आणि टर्निंगसाठीच ‘आला’, ‘सेटिंग’, ‘सुरू’, ‘थांबला’, ‘झाला’ अशी पाच बटणं. कोण दाबेल? माल हातातून हातात जातो, तिथेच नोंद ठेवा. जॉब कार्डवर बारकोड, मशीनजवळ स्कॅनर. माल घेताना एक स्कॅन, देताना एक. मधलं सगळं काढून टाका. सेटिंगचा वेळ हवा असेल तर तो वेगळा मोजा, कायमची पायरी करू नका.

रूट_कार्ड:
याला माझा दुजोरा. फक्त एकच स्कॅन चुकून दोनदा झाला, तर लॉट दोन पायऱ्या पुढे जाऊ नये. स्कॅन ‘पुढे सरका’ असा न ठेवता ‘ग्राइंडिंगने घेतला’ असा ठेवा. मग दुसऱ्यांदा केला तरी काही बदलत नाही.

नियोजन_टेबल:
आज एका ऑर्डरवर करून पाहिलं. ६० नग. इन्स्पेक्शनला ४ नापास: ३ व्यास जास्त, १ कमी. ३ ग्राइंडिंगला गेले, १ स्क्रॅपमध्ये, ५६ असेंब्लीच्या दारात थांबले कारण हाउसिंग आलं नव्हतं. साडेतीनला स्टोअरने हाउसिंग जमा केलं आणि फिटरच्या स्क्रीनवर ५६ दिसले. तो स्वतः येऊन सांगून गेला. ग्राइंडिंगचे ३ परत आले की मूळ लॉटमध्ये मिसळायचे की वेगळेच पाठवायचे, एवढं राहिलंय.

गेज_आणि_मी:
वेगळेच ठेवा. उद्या तक्रार आली तर रिवर्क झालेले नग कोणते, हे मला शोधता आलं पाहिजे.