बर्मा फ्रंटवर गेलेले आपले आजोबा-पणजोबा : घरातले किस्से सांगा

उंडगा : काल माळा आवरताना आजोबांच्या ट्रंकेत दुसऱ्या महायुद्धातलं बर्मा स्टार मेडल सापडलं. आजोबा ४/५ मराठात (पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन), मार्च १९४४ ला सांगशाकला, मणिपुरात उखरूलकडं, ५० व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर. सांगायचे की टेकडी नुसती दगडाची, खंदक खणावा तर दोनतीन फुटांवर कातळ, काटेरी तार नाहीच आणि पाण्याचे तर असले हाल की ते सांगतानाच उठून तांब्याभर पाणी प्यायचे. विमानातून टाकलेला माल बराचसा जपान्यांच्याच पदरात. तरी २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत धरून ठेवली टेकडी. पण शेवटपर्यंत "आमी मागं आलो" असंच म्हणायचे, खाली मान घालून. जपानी तिथं अडकले म्हणून पुढं नागालँडात कोहिमाला आपल्या फौजेला तयारीला वेळ मिळाला, हे त्यांना कुणी धड सांगितलंच नाही राव.

तिखटजाळ : आमचे पणजोबा खेचरं हाकायला होते बर्मात. म्हणायचे जपानी परवडला पण जळवा नको. आणि मलेरियाची ती मेपाक्रिनची गोळी, खाऊन खाऊन सगळी पलटण पिवळीधम्मक!! सुट्टीवर आले तर पणजी म्हणे आधी वैद्याकडं चला 😂

निवांत : आपशिंगे मिलिटरीचे का तुम्ही, साताऱ्याकडचं ते फौजींचं गाव?

तिखटजाळ : नाही ओ, कोरेगाव साईड.

जुना_फौजी : इंफाळला पोस्टिंग होतं तेव्हा सांगशाकला जाऊन आलोय. तांगखुल नागा लोकांचं गाव. चर्चच्या टेकाडावर शेवटच्या दिवशी हातघाईची लढाई, कधी ह्यांच्या ताब्यात कधी त्यांच्या. टेकडी एवढीशी, एवढ्यात ब्रिगेड कशी बसली कळत नाही. उंडगा, आजोबांना माझा सॅल्यूट. मान खाली घालायचं काही कारण नव्हतं.

उंडगा : 🙏 दादा, हे ऐकायला ते हवे होते.

निवांत : आजी आहेत का? दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना राज्याचं मानधन असतं, जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसात विचारा.

उंडगा : आजी आधीच गेली हो.

शेवंता : आमच्याकडं मेडल नाही, पॅराशूटचं कापड आणलेलं आजोबांनी. आजीनं त्याचे परकर शिवले, आईनं पण वापरले, फाटता फाटेनात!

तिखटजाळ : फोटो टाक की

शेवंता : एक उरलाय तो आत्याकडं, ती हात लावू देईल तर शपथ. कुकर झाला, आले.